पोथीची उलटी पाने

परवा भाद्रपदात गणपतीपुळ्यास जाऊन आलो. देवदर्शन झाले, डोंगराला प्रदक्षिणा झाली, शेजारच्या मालगुंडात केशवसुतांचे जन्मस्थान पाहून झाले. मराठीच्या प्राध्यापकाला याहून अधिक काय हवे? पण मनाला घोर निराळाच होता. सड्यावरचा आमचा वडिलार्जित तुकडा चिऱ्याच्या खाणीसाठी मागायला एक ठेकेदार आला होता. दादांच्या घराचे छप्पर गळत होते आणि कागदावर माझी सही तेवढी राहिली होती.

“अरे, त्या कातळावर कुसळाशिवाय उगवते काय?” दादा म्हणाले.

त्यांची मुलगी वनस्पतिशास्त्र शिकते. ती हळूच म्हणाली, “काका, सही करण्यापूर्वी सडा एकदा पाहून तरी या.”

गेलो. जांभ्याच्या खळग्यांत बोटभर माती, घोटाभर पाणी, आणि त्यात सीतेची निळीजांभळी आसवे, पिवळा कवला, गुलाबी तेरडा! इतक्या निकस मातीत पोट भरायचे म्हणून ही नाजूक आसवे पाण्यातले सूक्ष्म जीव इवल्या फुग्यांत पकडून खातात, हे ऐकून मी थक्कच झालो. पाऊस सरला की कातळ तापतो. त्याआधी फुलून, बी टाकून मोकळे व्हायचे. खाली पुळणीवरची मर्यादावेल मात्र बारमाही.

“ही तर वेगळी कुळेच झाली,” मी म्हटले. “एकाच जातीने दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी राहावे, असे कुठे असते का?”

तेव्हा तिने अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या पिवळ्या मिम्युलसची गोष्ट सांगितली. समुद्रकाठी, उन्हाळ्यातही धुक्याचा ओलावा असतो तिथे हे झाड उशिरा फुलते आणि वर्षानुवर्षे जगते. आत, कोरड्या मुलखात तेच झाड लवकर फुलते आणि उन्हाळ्याच्या तोंडी मरते. दोघांचा संकर होऊ शकतो. मग गुणांची खिचडी का होत नाही? डेव्हिड लोरी आणि जॉन विलिस यांनी २०१० साली दाखवले की, यामागे त्यांच्या आठव्या गुणसूत्राचा एक उलटलेला तुकडा आहे.

मी गोंधळलो. ती हसली. “काका, तुमच्याच भाषेत सांगते. शंभर पानांची पोथी आहे. बांधणाऱ्याने चाळीस ते साठ ही पाने उलट्या क्रमाने शिवली. पान एकही हरवले नाही. पण या पोथीची आणि सरळ पोथीची पाने अदलाबदल करायला बसलात, तर काही पाने दोनदा येतील, काही गळतील. असे बीज सहसा तगत नाही. म्हणून ती एकवीस पाने पिढ्यान्‌पिढ्या एकत्रच राहतात. त्या जागी उपयोगी पडणारे गुण त्यांत असतील, तर त्यांची मोट सुटत नाही.”

असे उलटे तुकडे फळमाशीत आल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांनी १९२१ सालीच ओळखले होते. २०२० साली तीन जातींच्या रानटी सूर्यफुलांत एकसंध राहणारे असे ३७ मोठे तुकडे सापडले, त्यांतले बरेचसे उलटलेले. बियांचा आकार, फुलण्याचा काळ, असे गुण त्यांत बांधलेले आढळले.

रात्री पडवीत दादांनी विचारले, “मग ही झाडे उचलून दुसऱ्या डोंगरावर लावली तर?”

“बाबा, मिम्युलसचे तेच करून पाहिले होते. किनाऱ्यावरची आत नेली, ती फुलण्यापूर्वीच दुष्काळाने गेली. आतली किनाऱ्यावर लावली, ती खाऱ्या वाऱ्याने खचली.” ती क्षणभर थांबली. “आपल्या सड्यावरच्या फुलांच्या पोथ्या मला सूक्ष्मदर्शकाखाली उलगडून पाहायच्या आहेत. पण त्यासाठी सडा तर हवा ना?”

दादा बराच वेळ बोलले नाहीत. पन्हळीतून पाणी टपटपत होते, आणि त्यांचेही काही चुकत नव्हते. मी सहीचा कागद घडी करून खिशात ठेवला. यंदाच्या कौलांचा खर्च मी देतो, म्हणालो. घरी परतल्यावर सौभाग्यवतींना हे सांगणे अधिक अवघड गेले. दिवाळीची खरेदी बेताची झाली.

ठेकेदार पुढच्या वर्षी पुन्हा येणारच आहे. तोवर एक भाद्रपद तरी फुलांच्या पदरात पडेल. पुतणीने आतापासूनच बियांची पाकिटे शिवून ठेवली आहेत.