विचारायचे कुणाला?

१९१७ साली बडोद्याची नोकरी सोडून परमपूज्य बाबासाहेब मुंबईला परतले. कोलंबिया विद्यापीठाची अर्थशास्त्राची पदवी होती, लंडनचा अभ्यास अर्धा राहिला होता आणि घर चालवायचे होते. त्यांनी शिकवण्या धरल्या. त्याच काळात शेअर्स व रोख्यांचे व्यवहार करणाऱ्यांना सल्ला देणारी एक पेढीही काढली. गिऱ्हाईक येऊ लागले. पण सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच ते यायचे थांबले आणि पेढी बंद पडली. त्या काळी या देशात अर्थशास्त्र एवढे शिकलेली माणसे किती असतील? तरीही गिऱ्हाइकाने सल्ला तपासला नाही, सल्ला देणाऱ्याची जात तपासली!

हा प्रसंग आठवायला सावद्यातला एक मुलगा कारण झाला. बाप केळीच्या कटाईला जातो, उन्हातान्हात घड वाहतो. मुलगा बारावी झाला, इंजिनीअरिंगला जायचे ठरले. घरात विचारायला कोणी नाही, म्हणून त्याने मोबाइलवरच्या अनोळखी लोकांना विचारले. त्यांनी सांगितले, कॅप राउंडची वाट बघत बसू नकोस, अमुक कॉलेज चांगले आहे, मॅनेजमेंट कोट्यातून सीट घेऊन टाक. बापाने शेकडा तीन रुपये व्याजाने पैसे उचलले. वर्षभराने मुलगा माझ्याकडे आला तो शिष्यवृत्तीचा नामंजूर झालेला अर्ज घेऊन. "वकीलदादा, अपील होईल का?"

नाही होत. भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रक्रियेतून लागतो. मॅनेजमेंट कोट्यातून गेलेल्या विद्यार्थ्याला ती मिळत नाही. हे वाक्य त्याला एक वर्ष आधी कोणी सांगितले असते, तर बापाच्या डोक्यावर आज कर्ज नसते.

मी चिडून विचारले, "चार गल्ल्या सोडून राहतो मी. मला का नाही विचारले?"

तो म्हणाला, "दादा, तुम्ही आधी मार्क विचारले असते." मग थोडा वेळ गप्प बसून म्हणाला, "तिथं कोणी आडनाव विचारत नाही."

वाचकहो, या दोन वाक्यांनी मला रात्रभर झोप लागू दिली नाही. दुसऱ्या वाक्यात तर आमच्या पोरांचे सगळे दुःख आहे. गावात बँकेत जा, आडनाव. दुकान भाड्याने मागा, आडनाव. कॉलेजच्या ऑफिसात काउंटरवरचा माणूस आडनाव वाचतो आणि त्याचा आवाज बदलतो. मोबाइलवर मात्र पोरगा टोपणनाव घेतो, आणि जन्मात पहिल्यांदा त्याला कोणीतरी 'भाई, तू हे कर' असे बरोबरीने सांगते. ज्या समाजाने बाबासाहेबांचा सल्ला जात कळताच नाकारला, त्याच समाजातला एखादा माणूस जात माहीत नसल्यामुळे आमच्या पोराला सल्ला देतो. हा मोकळेपणा खोटा आहे असे मी म्हणणार नाही.

पण त्याची किंमत मोजावी लागते. ज्याने कोट्याचा सल्ला दिला तो लबाड नव्हता. त्याच्या घरासाठी तो सल्ला बरोबरच असेल. त्याच्या बापाला पगार असेल, फी भरणे ही त्याला अडचण वाटत नसेल. जात वैधता, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्ती हे शब्द त्याच्या आयुष्यात आलेच नसतील, मग त्याच्या सल्ल्यात कसे येणार? 'नोकरी सोड, मनाला आवडेल ते कर' असे सांगणाऱ्याच्या मागे बहुधा शेतीवाडी असते, निदान स्वतःचे घर असते. आमच्या पोराच्या मागे आईची रोजंदारी असते. आडनाव लपवले की त्याबरोबर परिस्थितीही लपते, आणि मग सल्ला भलत्याच घराच्या मापाचा मिळतो.

पैशाच्या बाबतीत तर उघड लूट आहे. कंत्राटावर काम करणारे आमचे तरुण कोणाच्या तरी 'टिप्स'वर ऑप्शनचे सौदे करतात. 'सेबी'ने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांचा हिशेब आहे. फ्युचर्स-ऑप्शन्सचे व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून जास्त व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या. सरासरी तोटा माणशी सुमारे २ लाख रुपये. फी घेऊन गुंतवणुकीचा सल्ला द्यायचा तर २०१३ च्या नियमांप्रमाणे सेबीकडे नोंदणी लागते. ती आहे की नाही हे सेबीच्या संकेतस्थळावर फुकट बघता येते. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर लगेच कळवावे, कारण पैसे पुढच्या खात्यांत जायच्या आत अडवता आले तरच हाती लागतात. आमचे पक्षकार लाजेपोटी महिनाभर गप्प बसतात आणि मग वकिलाकडे येतात!

भगवान बुद्ध केसपुत्तला गेले तेव्हा कालामांची तक्रार हीच होती. जो येतो तो आपलेच मत खरे म्हणतो, विश्वास कोणावर ठेवायचा? तथागतांनी त्यांना माझ्यावर ठेवा असे सांगितले नाही. ऐकीव गोष्टीवर, परंपरेवर, गुरूच्या मोठेपणावर विसंबू नका, हित होते की अहित हे स्वतः तपासा, असे सांगितले.

अनोळखी माणूस नेहमी घातच करतो असेही नाही. माझ्या ओळखीच्या एका ताईंनी तिशी उलटल्यावर हार्मोनियम शिकायचे मनात घेतले. घरचे हसले. 'छंद' हा शब्द आमच्या घरांत शाळेच्या निबंधापुरताच असायचा. मोबाइलवरच्या चार अनोळखी लोकांनी मात्र कोणती पेटी घ्यावी, जुनी घेताना काय तपासावे, हे मन लावून सांगितले. बाबासाहेबही प्रौढ वयात व्हायोलिन शिकले होते, हे त्या घरच्यांना मी नंतर सांगितले.

आणि कृष्णाजी अर्जुन केळूसकर तरी कोण होते? चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या शाळकरी भीमरावाची चौकशी करणारा एक अनोळखी शिक्षक. जातीने परका. त्यांनी पुस्तके दिली, १९०७ साली मॅट्रिक झाल्यावर स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले, आणि पुढे कॉलेजची फी अडली तेव्हा सयाजीराव गायकवाडांकडे नेऊन महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून दिली. केळूसकरांना भीमरावाचे नाव, घर, अडचण सगळे माहीत होते. आणि ते सल्ला देऊन निघून गेले नाहीत.

आमच्याकडे केळूसकर का तयार झाले नाहीत? आमच्या बापांच्या पिढीला भुसावळची रेल्वे, वरणगावची ऑर्डनन्स फॅक्टरी, दीपनगरचे वीजकेंद्र एवढे ठाऊक होते. 'जागा कधी निघते?' हा एकच प्रश्न होता आणि त्याचे उत्तर वस्तीत मिळायचे. ज्यांना जागा मिळाल्या ते नाशिक-पुण्याला गेले. त्यांचे फोन लागतात, पण उचलले जात नाहीत. मी इथेच राहिलो, मग मी काय केले? जयंतीला तासतासभर भाषणे केली. ऐकणाऱ्याला एक प्रश्न विचारायची मुभा दिली नाही. आणि पोरगा भेटला की पहिला प्रश्न, 'किती टक्के?' त्याने मला का विचारले नाही याचे उत्तर त्याने दिलेच होते.

गेल्या महिन्यापासून रविवारी वंदनेनंतर आम्ही चौघे विहारात दोन तास टेबल टाकून बसतो. एक निवृत्त रेल्वे क्लार्क, एक नर्सताई, एक बँकेत काम करणारा आणि मी. भाषण नाही, हार नाही. पहिल्या रविवारी कोणी आले नाही. दुसऱ्या रविवारी दोन म्हाताऱ्या निराधार पेन्शनचे विचारून गेल्या. तिसऱ्या रविवारी तो मुलगा आला. स्वतःचे काही विचारले नाही. सोबत बारावी सायन्सला असलेली धाकटी बहीण होती, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद.

मार्क विचारायचे नाहीत, असे मी मनाला बजावले होते. कागद पाहिले. शाळा सोडल्याचा दाखला होता, बापाचा जातीचा दाखला होता, पण जात वैधतेचा अर्ज अजून भरलेला नव्हता. परीक्षेला चार महिने आहेत. नर्सताईंनी तिला शेजारी बसवून घेतले आणि आम्ही अर्ज भरायला घेतला.