लेझरने माप घेतलं म्हणून ओटा बसतोच असं नाही

ग्रॅनाइट आणि क्वार्ट्झचे ओटे बनवणाऱ्या कारखान्यांत डिजिटल मापाची यंत्रं आली आणि त्यांच्यासोबत एक वाक्यही आलं: ‘‘आता मशीन माप घेतं, चूक होणारच नाही.’’ विक्रेता ते मालकाला सांगतो, मालक ग्राहकाला. या भरवशावर महागडा स्लॅब कापला जातो आणि कापलेला दगड वाढवता येत नाही, म्हणून या वाक्याचा मला राग येतो.

यंत्र नेमकं काय करतं? लेझरचं यंत्र तिवईवर उभं राहून समोरच्या बिंदूचं अंतर आणि कोन मोजतं. नेदरलँड्समधल्या प्रोडिम कंपनीच्या प्रोलायनरमध्ये तार ओढून तिच्या टोकाची लेखणी भिंतीला टेकवतात. तारेची लांबी आणि दिशा यांवरून बिंदू ठरतो. दोन्हींत हाती येतात ते बिंदूच, आणि ते निवडतो माणूस. अडीच मीटरच्या भिंतीची फक्त दोन टोकं टिपली, तर संगणक मधे सरळ रेघ मारून मोकळा होतो. भिंतीला मध्यावर ६ मिलिमीटर पोट असेल तर ते फाइलमध्ये येतच नाही, आणि दगड बसवताना तिथेच अडतो. यंत्राची जागा बदलताना संदर्भखुणा जराशा हलल्या, तर पुढचं सगळं माप सरकतं. ट्रॉल्यांचे सांगाडे पक्के बसवायच्या आधीच माप घेतलं, तर यंत्र त्या चुकीच्या जागेचं अगदी अचूक माप देतं! दगड पुढे किती काढायचा, सिंक कुठलं येणार, हे त्याला कुणीतरी सांगावंच लागतं.

मग फायदा काय? मोठा आहे. टेप लांबी सांगतो, कोन सांगत नाही. भिंत गुण्यात, म्हणजे काटकोनात, नसेल आणि कोपरा एकाच अंशाने चुकलेला असेल, तरी ६०० मिलिमीटर खोलीच्या ओट्याला टोकाशी सुमारे १० मिलिमीटरची फट पडते. आपल्याकडे पूर्वी हे खपून जायचं, कारण ओटा आधी बसायचा आणि मागाहून लावलेली टाइल फट झाकायची. आता टाइल आधीच लागलेली असते, किंवा ओट्यामागे त्याच दगडाची पाटी चढवतात. तिथे फट लपवायला जागा नाही.

या यंत्रांबद्दल आणखीही काही गैरसमज ऐकू येतात. ‘संगणकाच्या आज्ञेने कापणारं सीएनसी यंत्र नसेल तर डिजिटल माप वाया.’ नाही. मापाच्या रेखाचित्राची डीएक्सएफ फाइल प्लॉटरवर पूर्ण मापात छापून घ्या, कागद स्लॅबवर चिकटवा आणि हाताने कापा.

‘फाइल आहे, म्हणजे आतला कोपरा धारदार काटकोनात निघेल.’ गोल पातं तिथे खालपर्यंत पोहोचेस्तोवर वरून रेघेच्या पुढे जातं. शिवाय धारदार कोपऱ्यातूनच तडा सुरू होतो. तिथे गोलाई ठेवायलाच हवी.

‘डिजिटल झालो, धुळीचा प्रश्न मिटला.’ हे मात्र घातक आहे. माप नीट असेल तर ग्राहकाच्या घरात कोरडा ग्राइंडर चालवायची वेळ कमी येते, एवढं खरं. कारखान्यातली धूळ तेवढीच राहते. स्फटिकी सिलिकाच्या धुळीने माणसाला कर्करोग होतो, असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्येच नोंदवलं आहे. क्वार्ट्झच्या कित्येक कृत्रिम स्लॅबमध्ये सिलिका ९० टक्क्यांहून जास्त असते. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा कृत्रिम दगडावर बंदी घातली, ती कामगारांना झालेल्या सिलिकोसिस या फुप्फुसांच्या आजारामुळे. माप कशानेही घ्या, कापताना पात्यावर पाणी, धूळ खेचणारी व्यवस्था आणि कारागिराला योग्य मास्क लागतोच. तोंडाला बांधलेला रुमाल ही बारीक धूळ अडवत नाही.