मुलांना महाराष्ट्र कसा दाखवावा?

आपल्या मुलांना महाराष्ट्र शिकवला जातो तो याद्यांनी. भंडाऱ्यात मँगनीज, चंद्रपुरात कोळसा, वऱ्हाडात कापूस. हे पाठ म्हणणारे मूल परीक्षा पास होते. पण या वस्तूंचा आपल्या घराशी संबंध काय, हे त्याला उमगत नाही. कामगारांच्या मुलांसाठी आम्ही सुटीत वर्ग घेतो, तेथे निराळी वाट धरतो : घरातल्या एका वस्तूपासून निघावयाचे व नकाशावर तिच्या मुळापर्यंत जावयाचे.

विजेचा दिवा घ्या. त्याचा एक धागा कोयनेपर्यंत जातो. कोयना महाबळेश्वरी उगम पावते, दक्षिणेस वाहते, हेळवाकला पूर्वेकडे वळते व कऱ्हाडला कृष्णेस मिळते. हे पाणी मूळचे बंगालच्या उपसागराकडे जाणारे. माणसाने ते धरणाने अडवले, सह्याद्रीच्या पोटातून बोगदा काढून पश्चिमेस वळवले व पोफळीला शेकडो फूट खाली सोडले. १९६२ साली तेथे वीज निघू लागली. यंत्रे फिरवून झाल्यावर तेच पाणी वाशिष्ठीतून, चिपळूणवरून अरबी समुद्रास जाते.

हे सांगताना परातीत ओल्या मातीचा डोंगर करावा. एक बाजू कड्यासारखी, दुसरी लांब उताराची. वर तांब्याभर पाणी ओतावे. कोकणातल्या नद्या आखूड व वेगवान का, हे मूल आपण होऊन सांगते. मग पाऊस दाखवावा. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरी वर्षाला २०० इंचांहून अधिक, तर माण तालुक्यात २० इंचांच्या आसपास! समुद्रावरून येणारे ढग डोंगर चढतानाच रिते होतात; पलीकडच्या वाट्याला थोडेच उरते.

येथवर निसर्ग झाला. पण नदी आपोआप दिवा लावीत नाही आणि कोळसा आपल्या पायांनी खाणीबाहेर येत नाही. बोगदा कोणी खोदला, हे मुलांना विचारावे. मग एखादे मूल उलट विचारतेच : ‘धरणाच्या पाण्याखाली गावे होती, ती माणसे कोठे गेली?’ हा प्रश्न टाळू नये. ती माणसे पांगली. काही सोलापूर, ठाण्यापर्यंत गेली. धरण १९६४ साली पुरे झाले. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा राज्याने केला तो १९७६ साली. या दोन सालांमधले अंतरही भूगोलाच्या तासाला शिकवावयाचे असते.

राज्याची संपत्ती मोजावयास शिकवताना ती कोणाच्या श्रमाने निघाली व तिच्यापायी कोणाचे घर गेले, हे दोन प्रश्न मुलाच्या वहीत उतरले पाहिजेत. उद्या खाणीचा, धरणाचा, जंगलाचा हिशेब मागणारे हेच आहेत.