स्थैर्य राज्यकर्त्याचे आणि स्थैर्य रयतेचे

लोकशाहीने समाज स्थिर होतो की अधिकच अस्थिर, या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे बहुधा मंत्रिमंडळांच्या आयुर्मानावरून ठरविले जाते. मंत्रिमंडळ पाच वर्षे टिकले की स्थैर्य आणि मध्येच गडगडले की अस्थैर्य, हा हिशेब सोपा असला तरी मला तो मुळातच अपुरा वाटतो. बीड जिल्ह्यातील, बालाघाटाच्या डोंगरात वसलेल्या आणि चार शतकांत अनेक सत्तांचे अंमल पाहिलेल्या धारूरचा इतिहास चाळू लागले म्हणजे राज्यकर्त्याच्या आसनाचे स्थैर्य आणि रयतेच्या जीविताचे स्थैर्य या दोन भिन्न गोष्टी आहेत आणि पहिल्यातून दुसरे आपोआप निष्पन्न होत नाही, हे स्पष्ट दिसू लागते.

धारूरचा किल्ला १५६७च्या सुमारास विजापूरच्या अली आदिलशहाचा सरदार किश्वरखान याने उभारला. दोनेक वर्षांतच मूर्तजा निजामशहाने तो घेतला आणि त्या संग्रामात किश्वरखान पडला. पुढे शहाजहानच्या फौजा निजामशाही बुडविण्यासाठी दक्षिणेत उतरल्या, तेव्हा आजमखानाने १६३१च्या आरंभी हाच किल्ला जिंकला. दख्खनच्या इतिहासातील अतिभीषण दुष्काळांपैकी एक नेमका त्याच सुमारास, १६३० ते १६३२ या काळात, पडला होता. पावसाने पाठ फिरवलेल्या मुलखातून फौजांची ये-जा चालू होती, अन्नाविना माणसे मरत होती, गावे ओसाड पडत होती. किल्ला कोणाचा, याची नोंद बखरनविसांनी काळजीपूर्वक ठेवली. मेलेल्यांची मोजदाद मात्र तशी झाली नाही.

त्यानंतर हैदराबादच्या निजामांची आसफजाही आली आणि १७२४ पासून १९४८ पर्यंत, सव्वादोनशे वर्षे, टिकली. १८१८च्या सुमारास बीड परगण्यात धर्माजी प्रतापराव यांच्यासारख्यांनी उठाव केला, तो मोडला गेला आणि बाहेरून पाहणाऱ्यास हा मुलूख शांत भासू लागला. कचेरीची भाषा आधी फारसी, पुढे उर्दू आणि रयतेची मराठी, जमिनीचा मोठा हिस्सा जागिरी व निजामाच्या खासगी मालकीच्या सर्फ-ए-खासमध्ये अडकलेला, आणि तक्रार करावयाची तर अर्जापलीकडे मार्ग नाही, अशी ती शांतता होती. भारत सरकारच्या पाच दिवसांच्या पोलीस कारवाईने, १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या अवधीत, ते राज्य कोसळले. निजामाच्या पाठीराख्या रझाकारांच्या अत्याचारांनी आधीच होरपळलेल्या या प्रदेशात त्यानंतर सूडाचा जो वणवा पेटला, त्याच्या चौकशीसाठी पंडित सुंदरलाल यांची समिती नेमावी लागली. शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात तर निरपराध मुसलमान रयतेचा भयंकर संहार झाला. वर्षानुवर्षे बोलू न दिलेले वैर अखेर अशा रीतीने बोलले, असे माझे मत आहे.

१९५२ मध्ये प्रौढ मतदानाचा हक्क प्रथमच बजावता आला आणि मग मात्र या जिल्ह्याने कोणाचेही आसन गृहीत धरू दिले नाही. सातारच्या प्रतिसरकारचे क्रांतिसिंह नाना पाटील १९६७ मध्ये कम्युनिस्ट पक्षातर्फे बीडमधूनच लोकसभेवर गेले. १९७७ मध्ये मार्क्सवादी गंगाधरअप्पा बुरांडे निवडून आले. आणि त्यानंतर काँग्रेस, जनता दल, भाजप असे पक्ष आले नि गेले. खासदार बदलले, पण एकाही बदलासाठी फौज आणावी लागली नाही.

तथापि खरी कसोटी १९७२ची होती. त्या साली पाऊस दगा देऊन गेला, विहिरी आटल्या, जनावरे कवडीमोलाने विकली गेली. लोकांनी अमेरिकेहून आलेला मिलो खाल्ला, मदत म्हणून मिळणाऱ्या सुकडीवर दिवस काढले आणि दुष्काळी कामांवर खडी फोडली. परंतु मोर्चे निघत होते, वर्तमानपत्रे लिहीत होती, विधिमंडळात सरकारला जाब विचारला जात होता आणि पुढच्या निवडणुकीची चिंता प्रत्येक आमदाराच्या मनात होती. मे १९७३ मध्ये राज्यभर दुष्काळी कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसे होती. हाल अपार झाले, तरी १६३०ची पुनरावृत्ती झाली नाही. याच अनुभवातून वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजनेने आकार घेतला. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला, आणि शहरातील पगारदाराच्या व्यवसाय करातून खेड्यातील मजुराच्या कामाला पैसा मिळू लागला. जागती लोकशाही असलेल्या देशात माणसे मोठ्या संख्येने अन्नाविना मरत नाहीत, हा अमर्त्य सेन यांचा सिद्धान्त सुपरिचित आहे. चीनमध्ये १९५८ नंतर कोट्यवधी माणसे अन्नाविना मेली आणि तरीही तेथील पक्षाची सत्ता अबाधित राहिली, हे त्याच्या शेजारी ठेवून पाहावे.

एवढे सांगितल्यावर दुसरी बाजू झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी संमत करताच मराठवाड्यात दलितांची घरे जाळली गेली. राजकीय समता आणि सामाजिक विषमता यांच्या विसंगतीचा जो इशारा बाबासाहेबांनी संविधान सभेत दिला होता, तो येथे अक्षरशः खरा ठरला आणि विद्यापीठाच्या नामविस्तारास १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस, धारूर ज्या मतदारसंघात मोडतो त्या माजलगावात, मराठा आरक्षणाच्या आंदोलनात आमदाराचे घर पेटले. आणि ९ डिसेंबर २०२४ रोजी धारूरला लागून असलेल्या केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची अपहरण करून हत्या झाली. पवनचक्की कंपनीकडील खंडणीच्या आड ते आले होते, असे आरोपपत्र सांगते. गावाने निवडून दिलेल्या माणसाचा जीव जेथे सुरक्षित नाही, तेथे लोकशाहीचे नुसते नाव शिल्लक राहते, हे मी दुःखाने लिहीत आहे. तरीही त्या हत्येनंतर बीडच्या रस्त्यांवर जो जनसमुदाय उतरला, त्यात निरनिराळ्या जातींचे आणि पक्षांचे लोक होते, आणि वाढत्या क्षोभानंतर मार्च २०२५ मध्ये एका मंत्र्याला पद सोडावे लागले. निजामाच्या अमलात असे घडले नसते.

म्हणूनच माझा आक्षेप लोकशाहीवर नाही. ती तळाशी पोचण्याआधीच अडविली जाते, यावर आहे. जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर वर्षानुवर्षे कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. दिवाळी उरकली की धारूर तालुक्यातील कुटुंबेच्या कुटुंबे मुकादमाची उचल फेडण्यासाठी ऊसतोडीचा कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या साखर कारखान्यांकडे निघतात. पंचायत समितीत त्यांच्या मुलांच्या शाळेचा, घरी राहिलेल्या म्हाताऱ्यांच्या औषधपाण्याचा प्रश्न विचारणारा निवडून दिलेला सदस्य नसेल, तर त्यांनी दाद मागावी कोणाकडे?