चुना हाडांत की रक्तवाहिन्यांत?

मंडळी, दुकानांतून हल्ली ‘के-२’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या मिळतात. हाडं बळकट होतील, हृदय सुधारेल, असं सांगून त्या विकल्या जातात. त्यात खरं किती?

डेन्मार्कच्या हेन्रिक डाम यांनी कोंबडीच्या पिलांना स्निग्धांश काढलेलं खाद्य घातलं, तेव्हा पिलांना रक्तस्राव होऊ लागला. जे उणं पडलं त्याला १९३५ साली त्यांनी ‘के’ हे नाव दिलं. पुढं कळलं, की याच जीवनसत्त्वाच्या जोरावर एक प्रथिन हाडांत चुना धरतं आणि दुसरं तो रक्तवाहिन्यांत साचू देत नाही. जपानात ठिसूळ हाडांवर के-२ औषध म्हणून देतात. पण रोज ४५ मिलिग्रॅम, म्हणजे दुकानी गोळीच्या कित्येक पट! हृदयविकार टळतो, हे मात्र अजून सिद्ध झालेलं नाही.

आपल्या मेथी-पालकात के-१ भरपूर असतं. भाजी थोड्या तेलात परतावी, म्हणजे ते अंगी लागतं.

आता नीट ऐका. हृदयाची कृत्रिम झडप बसवलेली असेल आणि वॉरफॅरिन किंवा ॲसिनोकुमारॉल चालू असेल, तर ही गोळी आपल्या मनानं मुळीच घेऊ नका. तिनं त्या औषधाचा जोर मोडतो आणि झडपेवर रक्ताची गुठळी धरू शकते. पालेभाजी सोडायचं कारण नाही. फक्त एक दिवस ढीगभर नि चार दिवस काहीच नाही, असं न करता रोज सारखीच खा.