गोदावरीचं पाणी आणि आपला बांध



पावसाळ्यात कधी कधी पैठणला आभाळ कोरडं असतं, कपाशी माना टाकते, पण नाथसागरात पाणी चढत असतं. हे पाणी येतं कुठून?

गोदावरी त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर उगम पावते. तिथून अरबी समुद्र जेमतेम ८० किलोमीटर. पण जमिनीचा उतार पूर्वेकडे, म्हणून ती सुमारे १,४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. घाटमाथ्यावर इगतपुरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो. पूर्वेला उतरलं की तोच पाच-सहाशेवर येतो. दारणा, प्रवरा या नद्या घाटमाथ्याचं पाणी गोदावरीत आणतात, म्हणून धरण भरतं.

ज्या जमिनीवर पडलेलं पाणी उतारानं एकाच नदीला मिळतं, ती सारी जमीन म्हणजे त्या नदीचं पाणलोट क्षेत्र. गोदावरीचं पाणलोट क्षेत्र तीन लाख चौरस किलोमीटरहून मोठं आहे. त्यातलं जवळजवळ निम्मं महाराष्ट्रात. परभणीचं पाणी पूर्णा-दुधनेतून, लातूरचं मांजरेतून, भंडाऱ्याचं वैनगंगेतून अखेर गोदावरीतच जातं. म्हणजे नदी तुमच्या बांधापासूनच सुरू होते!

पण पाणी एकटं जात नाही, माती घेऊन जातं. जायकवाडी धरणात १९७६ पासून दर पावसाळ्यात गाळ येतो आहे. हा गाळ म्हणजे कुणाच्या तरी शेताची वरची कसदार माती. वरच्याचं रान उघडं पडतं आणि धरणात पाण्याची जागा घटल्यानं खालच्याचं आवर्तन कमी होतं. नुकसान दोघांचंही.

मग करायचं काय?

१) नांगरट, वखरणी आणि पेरणी उताराला आडवी करा.

२) फुटलेले बांध मृगाआधी घाला. जादा पाण्याला दगडी सांडवा ठेवा, नाहीतर बांध पुन्हा फुटेल.

३) ओघळीत दगडांचे लहान लहान बांध घाला. सुरुवात माथ्यापासून करा, मग पायथ्याकडे या.

४) नाल्याच्या काठावरचं गवत राखा. थेट काठापर्यंत नांगर घालू नका.

हे काम एकट्याचं नाही. वरच्या शेजाऱ्याशी बोला, दोघांचा बांध एकाच उतारावर आहे.

पहिल्या मोठ्या पावसात घोंगडी घेऊन बांधावर उभे राहा. शेतातून निघणारं पाणी गढूळ असेल तर माती चालली. नितळ असेल तर काम साधलं, असं समजा.