तंबू वरच्या रेघेच्या वर

महाड-पोलादपूरकडच्या माणसाच्या दारात समुद्र नाही, पण भरती त्याला चांगली ठाऊक असते. महाबळेश्वरच्या डोंगरातून उतरलेली सावित्री पोलादपूर, महाड करत बाणकोटच्या खाडीला लागते आणि भरतीचा फुगवटा त्याच वाटेनं महाडपर्यंत वर चढतो. धुवाधार पाऊस आणि उधाण एकदम आलं की बाजारपेठेतलं पाणी हटत नाही. २२ जुलै २०२१चा पूर इथं कोणाला सांगावा लागत नाही.

त्यामुळे थंडीत तंबू गाडीत टाकून टोळ फाट्यावरून आंबेत-म्हसळामार्गे श्रीवर्धन, दिवेआगरकडे निघायचं ठरलं की आमच्याकडे आधी कालनिर्णय उघडतं. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. त्रयोदशी असेल तर तेराची पाऊणपट पावणेदहा. म्हणजे दुपारी साडेतीन-चारला ओहोटी. नेमके तेव्हाच मुंबई-पुण्याचे पाहुणे पोचतात, लांबरुंद पुळण बघून हरखतात आणि तंबू ठोकतात मधोमध. रात्री जेवण चालू असताना समुद्र ताटाशी येतो.

जागा शोधायची ती मान खाली घालून. वाळूवर काटक्या, शिंपले, नायलॉनच्या दोऱ्याचे तुकडे यांची एक ओलसर रेघ दिसते. ती सकाळच्या भरतीची. तिच्यावर चार-सहा पावलांवर दुसरी असते, वाळलेली, वाऱ्यानं अर्धी बुजलेली. ती मागच्या उधाणाची. त्रयोदशीला पाणी रोज चढत असतं, तेव्हा खालच्या रेघेवर भरवसा ठेवायचा नाही. तंबू वरच्या रेघेच्याही वर. ओढा किंवा खाडीच्या तोंडाजवळ तर नकोच. तिथं पाणी मागून येऊन वेढतं.

मग उरतं ते सुरूचं बन. सावली, मऊ पाचोळा, सगळं छान. पण आधी वर बघा. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळानं या पट्ट्यातली सुरूची आणि माडाची झाडं किती आडवी केली ते इथल्या वाडीवाल्यांना विचारा. वाळकी फांदी लोंबकळत असेल, तर ती जागा सोडायची. माडाखाली तर झोपायचंच नाही. चूलही बनात नको, सुरूचा पाचोळा भसकन पेटतो.

वाळूत खुंट्या टिकत नाहीत. सिमेंटच्या रिकाम्या गोणीत वाळू भरायची, दोरी बांधायची, गोणी हातभर खोल पुरायची. तंबू जागचा हलत नाही. संध्याकाळी खारा वारा समुद्राकडून येतो, उत्तररात्री मतलई वारा जमिनीकडून. दोन्ही बाजूंचे ताण सारखे हवेत, एकाच अंगाला ओढून बांधलेला तंबू पहाटे फडफडतो. गोडं पाणी, संडास आणि ग्रामपंचायतीची परवानगी ही चौकशी उजेडीच उरकावी. हरिहरेश्वरचा प्रदक्षिणामार्ग भरतीत पाण्याखाली जातो, तिथल्या खडकांवर मुक्कामाचा विचारही करू नये.

खाडीपलीकडचं वेळास मात्र वेगळं. तिथं थंडीत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला रात्री पुळणीवर चढतात. पिल्लं बाहेर पडली की उजेडाच्या दिशेनं धावतात. आपल्या कंदिलाच्या उजेडानं ती समुद्राऐवजी भलतीकडे वळतात. गावात घराघरांतून राहायची, जेवायची उत्तम सोय आहे. वेळासला जाणार असाल तर तंबू घरीच ठेवा.